साहेबांच्या मार्गदर्शनाखाली फेकलेला बॉल

"हे बटण मला पाहिजे," असं म्हणून जगताप साहेबांनी माझ्या कन्सोलवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "सर, हे कुणालाच देता येत नाही. कोचलासुद्धा नाही."

"मी टीमचा मालक आहे."

"म्हणूनच नाही."

दुपारची वेळ होती. मस्कतमधल्या अल हैलच्या मैदानावर आम्ही केबल टाकत होतो आणि ऊन उतरलं की लीगची शेवटची मॅच सुरू व्हायची होती. शेवटची म्हणजे खरोखर शेवटची. पुढच्या सीझनला ही लीग असेल असं मानणारा एकही माणूस उरला नव्हता. इन्शाल्ला म्हणणारेसुद्धा आता तोंडातल्या तोंडात म्हणत होते.

आधी मी कोण ते सांगते. मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर, मूळची नागपूरची, आडनाव गजभिये. मस्कतला कुरुममध्ये आमच्या कंपनीचं ऑफिस होतं. साउंड, वायरलेस, इंटरकॉम ही आमची कामं. कॉन्फरन्स, लग्नं, शाळांची गॅदरिंग, आपल्या लोकांची चौदा एप्रिलची जयंती, सगळीकडे माझे स्पीकर असतात. त्या वर्षी आमच्याकडे अमेरिकन फुटबॉलच्या एका नव्या प्रोफेशनल लीगचं काम आलं.

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाय येतो. यात पायाचं काम थोडं. बॉल लांबट असतो, सोललेल्या नारळासारखा, आणि तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलात तर बॉल समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात ज्याच्या हातून होते तो क्वार्टरबॅक. बॉल त्याच्या हातात येतो आणि समोरून शंभर-शंभर किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत सुटतात. तेवढ्यात त्याने ठरवायचं की कुणाला द्यायचा, फेकायचा की स्वतः पळायचं.

त्याच्या हेल्मेटमध्ये एक छोटा स्पीकर असतो. दोन प्रयत्नांच्या मधल्या वेळात कोच त्याच्या कानात डाव सांगतो. पण खेळ सुरू होण्याच्या थोडं आधी तो आवाज तोडायचा, असा नियम. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. समोरच्यांची मांडणी बघून कोचचा डाव बदलायचा असेल तर त्याने स्वतःच्या डोक्याने बदलायचा. हा आवाज तोडायचं बटण दोन्ही टीमच्या बाहेरच्या माणसाकडे असतं. या लीगमध्ये ते माझ्याकडे होतं, आणि नेमकं तेच जगताप साहेबांना हवं होतं.

जगताप साहेबांचा ओमानमध्ये स्कॅफोल्डिंग भाड्याने देण्याचा धंदा. मोठा माणूस, मस्कतच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत. कुणीतरी सांगितलं की क्रिकेटच्या टीमला जसे मालक असतात तशी इथेही टीम घेता येते, म्हणून यांनी घेतली. पण खेळ शेवटपर्यंत शिकले नाहीत. त्यांच्या डोक्यात क्वार्टरबॅक म्हणजे बॅट्समन, आणि लांब फेकलेला बॉल म्हणजे सिक्सर. खरं तर स्टँडमधले बहुतेक आपले लोक तसेच. पाच यार्ड मिळाले, जे फार चांगलं असतं, की सगळे समोशांकडे वळायचे. उगाच लांब फेकलेला बॉल जमिनीवर पडला तरी टाळ्या. मला त्या टाळ्यांचा भयंकर राग यायचा.

"मॅडम, आज माझे गेस्ट येणारेत," साहेब म्हणाले. "तंबूत बसून मी आपल्या क्वार्टरबॅकला, फैजला, लाइव्ह गाइड करणार. कुठे टाक, कसा टाक. लोकांना दाखवायचंय."

"सर, बॉल हातात असताना त्याच्या कानात कुणी बोललं तर तो मागून येणाऱ्याला बघणार कसा? मान मोडेल एखाद्या वेळी."

"काही होत नाही. तुम्ही लोक नियम फार सांगता."

"आम्ही लोक म्हणजे कोण, सर?"

"म्हणजे... इंजिनियर लोक."

कुठलं 'तुम्ही लोक' कुठल्या जागेवरून येतं ते मला लहानपणापासून कळतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हातात सोल्डरिंग आयर्न होतं, म्हणून मी आधी ते स्टँडवर ठेवलं.

साहेबांनी तिथूनच माझ्या बॉसना फोन लावला. आमचे थॉमस सर केरळचे. स्वभावाने वाईट नाहीत, पण क्लायंट या शब्दापुढे त्यांचा कणा वाकतो. ते गाडी काढून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गजभिये, हेडसेट दे दो ना उनको. एक ही मॅच है. क्लायंट को खुश रखो, खलास."

"सर, प्लेअर को लगेगा."

"हेडसेट दे दो, बस."

मी हेडसेट दिला. तो कशाला जोडायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तो रेकॉर्डरला जोडला. आमच्या हेडसेटमध्ये बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज कानात परत ऐकू येतो. त्यामुळे आपलं बोलणं पलीकडे पोचतंय असं वाटत राहतं. साहेबांनी तंबूत बसून "हॅलो, हॅलो" करून पाहिलं, स्वतःचाच आवाज ऐकला आणि मला अंगठा दाखवला. उंटावरून शेळ्या हाकायची हौस होती ना, हाका म्हटलं. फक्त शेळ्या त्या रानात नव्हत्या.

मग मी फैजकडे गेले. फैज मुकादम, साहेबांच्या टीमचा क्वार्टरबॅक. घरचे मूळचे रत्नागिरीकडचे. वडील ओमानमध्येच, सूर गावात, मासेमारीची जाळी आणि दोर विकतात. हा पुण्याला कॉलेजात असताना भालाफेक करायचा, तिथेच एका हौशी अमेरिकन फुटबॉल क्लबात शिरला. लीगने अमेरिकेतून आणलेला क्वार्टरबॅक दुसऱ्याच मॅचला गुडघा मोडून परत गेला आणि बेंचवरच्या फैजला उभं करावं लागलं. तेव्हापासून तोच. त्याचा हात चांगला होता आणि डोकं हाताहून चांगलं होतं. समोरची मांडणी बघून डाव बदलणं त्याला जमायचं, आणि ते सहसा कुणाला जमत नाही, असं त्याचे कोच म्हणायचे.

त्या दिवशी त्याला बघायला जर्मनीतल्या एका क्लबाचा माणूस आला होता. नाव क्लाउस. कोचनी ओळखीतून त्याला बोलावून घेतलं होतं. फैजसाठी तेवढा एकच दरवाजा उघडा होता. ही लीग बंद झाली की या सगळ्या भागात क्वार्टरबॅकला काम नाही. जर्मनीवाल्याने नेलं तर ठीक, नाहीतर सूरला अब्बांच्या दुकानात.

मी त्याच्या हेल्मेटचा स्पीकर तपासला आणि सांगितलं, "आज तुझ्या कानात फक्त कोच येतील. तेही नियमाप्रमाणे. दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर मला हात दाखव."

"साहेब सांगत होते, ते बोलणार आहेत म्हणून."

"बोलू देत. तुला ऐकू येणार नाही."

तो हसला. "ताई, तुम्ही मरणार एक दिवस."

मॅच सुरू झाली. माझ्या एका कानात कोच आणि दुसऱ्या कानात रेकॉर्डरवर जाणारे जगताप साहेब. असा छळ कुणाच्या वाट्याला येऊ नये. तंबूतले पाहुणे सल्ले देत होते आणि साहेब ते माइकमध्ये ओरडून सांगत होते. "फैज, लांब मार. अरे लांब. लेफ्टला मोकळा आहे बघ. आमचे शेट्टी साहेब म्हणतात, वरून टाक." एकदा तर त्यांच्या मेहुण्याने माइक हातात घेतला. मी दर वेळी ठरल्या वेळी कोचचा आवाज तोडत होते. मैदानावर फैज शांतपणे पाच यार्ड, सात यार्ड काढत होता आणि स्टँडमधले लोक जांभया देत होते.

शेवटच्या काही मिनिटांत फैजची टीम मागे होती. बॉल फैजकडे. कोचनी डाव सांगितला, मधून पळायचा, साधा. मी बटण दाबलं. आता त्याच्या कानात कुणी नव्हतं. मी त्याला बघत होते. त्याने समोर पाहिलं. बचाव करणारे सगळे मध्यभागी दाटले होते, म्हणजे त्यांना डाव कळला होता. फैज वळला, दोन्ही हात तोंडाशी धरून आपल्या लोकांना काहीतरी ओरडला आणि एका खेळाडूला डावीकडून उचलून उजवीकडे उभं केलं. माझ्या दुसऱ्या कानात जगताप साहेब किंचाळत होते, "लांब टाक, लांब." फैजने बॉल आखूड टाकला, उजवीकडे, त्या एकट्या उभ्या असलेल्या खेळाडूकडे. त्याच्यासमोर मैदान रिकामं होतं. तो पळत शेवटच्या रेषेपलीकडे गेला. फैजची टीम जिंकली.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि मला रडू आलं. इतकं स्वच्छ काम मी खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

खरा तमाशा पुढे झाला. फैजच्या टीममधल्या एकाचा खांदा निखळला होता, त्याला घेऊन कोच ॲम्ब्युलन्समधून गेले. इकडे स्टेजवर बक्षीस समारंभ. जगताप साहेब हेडसेट गळ्यात तसाच ठेवून उभे. क्लाउस स्टेजच्या खाली, माझ्या टेबलाजवळ थांबला होता. समारंभ आटोपल्यावर साहेब फैजला खांद्याला धरून त्याच्यापाशी घेऊन आले.

क्लाउसने फैजला इंग्रजीत सरळ विचारलं, "तो शेवटचा डाव. मधून पळायचा होता, बरोबर? बदलला कुणी?"

फैजने तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "मी. मी त्याच्या कानात होतो. प्रत्येक बॉल मी सांगितला. हाही मीच सांगितला, शॉर्ट टाक म्हणून."

क्लाउसने फैजकडे पाहिलं. फैजने मान खाली घातली आणि म्हणाला, "येस सर. सगळं सरांच्या गाइडन्समुळे. सर जसं सांगत गेले तसं मी केलं."

आपल्याकडे हे वाक्य रोज बोललं जातं. वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी बोललं असेल. रिझल्ट लागला, प्रोजेक्ट संपला, पूल उभा राहिला, की सगळं साहेबांच्या मार्गदर्शनाखाली. बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, आणि साहेबांना मात्र ते खरं वाटतं. पण जर्मनीहून आलेल्या माणसाला हा रिवाज माहीत असायचं कारण नाही. त्याने जे ऐकलं तेच धरलं.

तो म्हणाला, "आमच्या लीगमध्ये हेल्मेटला रेडिओ नसतो. मग मला तुम्हा दोघांनाही घ्यावं लागेल." साहेबांचा हात हातात घेऊन त्याने नीट हलवला, फैजचाही हलवला आणि बॅग उचलली.

सगळे हसले. साहेब सर्वात मोठ्याने हसले. ते नाही म्हणणं होतं हे हसणाऱ्यांपैकी एकालाही कळलं नाही. फैजला कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

मी त्याला टेबलामागे ओढलं. "हे काय बोललास तू?"

"काय करणार ताई? दुसऱ्या क्लबात जायला रिलीज लेटर लागतं, ते साहेबांच्याच हातात आहे. सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं तर ते देतील काय?"

"आणि आता रिलीज घेऊन जाणार कुठे? सूरला? तो निघाला बघ."

"मला वाटलं त्याला कळेल. आपण असं बोलतोच ना."

"त्याला कसं कळणार? तो काय चिपळूणचा आहे?"

एवढ्या माणसांना अंगावर घेणारा मुलगा, आणि एका साहेबापुढे मान खाली. मला जगताप साहेबांपेक्षाही त्या क्षणी त्याचा राग आला. त्याहून जास्त राग त्याला अशी मान खाली घालायला शिकवणाऱ्या सगळ्यांचा आला. घरचे, शाळेतले, ऑफिसातले, आम्ही सगळेच.

मी हाक मारली. "मिस्टर क्लाउस, एक मिनिट. जरा इकडे या."

तो आला. मी फैजचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि कानाला लावायला सांगितलं. मग साहेबांकडे वळून म्हटलं, "सर, गळ्यातला हेडसेट लावा आणि बोला. मघाशी बोलत होतात तसंच."

थॉमस सर मागून म्हणाले, "गजभिये, क्या कर रही हो?"

"डेमो, सर."

साहेबांना वाटलं त्यांचं कौतुक चाललंय. त्यांनी ऐटीत हेडसेट लावला. "हॅलो, फैज, लांब टाक."

क्लाउसने हेल्मेट कानाला घट्ट दाबलं. मग मान हलवली. काही नाही.

"परत बोला सर. जोरात."

"हॅलो, हॅलो."

काही नाही. मग मी कोचचा हेडसेट उचलला, त्यात इंग्रजीत विचारलं, "आता ऐकू येतंय?" क्लाउस दचकला आणि हसला. मी बटण दाबून तोडलं आणि बोलत राहिले. परत शांतता.

मी म्हटलं, "साहेबांचा हेडसेट आज हेल्मेटला जोडलाच नव्हता. मी जोडला नव्हता. कोचचा आवाज दर वेळी मीच तोडला. डाव बदलला तेव्हा याच्या कानात कुणीही नव्हतं."

जगताप साहेबांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. बघायची इच्छा फार होती, पण माझं सगळं लक्ष क्लाउसवर होतं. त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि तोच प्रश्न परत विचारला. "बदलला कुणी?"

फैजने साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी मराठीतच म्हटलं, "फैज, आता तोंड उघडलं नाहीस तर मी तुझ्यासाठी परत काही करणार नाही."

"मी," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की क्लाउसने त्याला पुन्हा बोलायला लावलं. "मी बदलला. मध्ये सगळे दाटले होते. उजवी बाजू उघडी होती." आणि मग त्याला थांबवणं कठीण झालं. कुठल्या बचाववाल्याचा पाय कुठे होता, त्यावरून त्याला काय कळलं, आधीच्या कुठल्या डावात तो चुकला होता, सगळं हातवारे करून सांगत सुटला. क्लाउसने बॅग खाली ठेवली आणि ते दोघं मैदानावर जाऊन उभे राहिले.

इकडे जगताप साहेब थॉमस सरांना म्हणत होते, "ही बाई उद्या मला तुमच्या कंपनीत दिसता कामा नये."

मी म्हटलं, "सर, तुमचं आजचं सगळं गाइडन्स रेकॉर्ड झालंय. मेहुण्यांचंही. पाहिजे तर पाठवते." त्यांना ते नको होतं.

थॉमस सरांनी मला काढलं नाही, पण दुसऱ्याच दिवसापासून मी गोडाउनमध्ये केबल मोजत होते. "थोडे दिन, गजभिये," असं ते म्हणायचे, डोळ्याला डोळा न भिडवता. काही महिन्यांनी मी दुसरी नोकरी धरली. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. नवीन ठिकाणी साउंड बरा आहे आणि क्लायंट कमी.

जगताप साहेबांनी फैजला रिलीज दिलं नाही. महिनाभर फिरवलं. मग लीग बंद झाली, टीमच राहिली नाही, आणि नसलेल्या टीमच्या मालकाकडून रिलीज मागायची गरज उरली नाही. फैज जर्मनीला गेला. त्यानंतर मंडळाच्या एका कार्यक्रमात 'फैजला घडवणारे' म्हणून साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मी त्या कार्यक्रमाला गेले नाही. बोलावलं होतं, साउंडसाठी.

तिकडचं काम सोपं नव्हतं. पहिल्या काही मॅच फैज बेंचवरच होता. मग संधी मिळाली आणि शेवटच्या डावात याने कोचचा डाव बदलला, बॉल समोरच्यांच्या हातात गेला, टीम हरली. ड्रेसिंग रूममध्ये कोचने विचारलं, हा निर्णय कुणाचा. फैज उभा राहिला आणि म्हणाला, माझा. मग कोचने सगळ्यांसमोर त्याला पार सोलून काढलं, आणि पुढच्या मॅचला पुन्हा त्यालाच खेळवलं.

हे त्याने मला फोनवर सांगितलं. हसत सांगत होता, मला काही कळेना.

"अरे एवढ्या शिव्या खाल्ल्या, आणि हसतोस काय?"

"ताई," तो म्हणाला, "पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या होत्या."

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. आवाज कुठून येतो ते आधी शोधायचं, मग दुरुस्ती करायची. साहेबांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या माणसाचं श्रेय तर जातंच, त्याची चूकसुद्धा त्याच्या नावावर राहत नाही. मग तो सुधारणार कशातून? मी आता नवीन ऑफिसात आलेल्या पोरापोरींना हे सांगते. ते मान डोलावतात, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये उभे राहून म्हणतात, "हे सगळं मॅडमच्या मार्गदर्शनाखाली." तेव्हा मी त्यांना तिथल्या तिथे झापते.